मदत हवी आहे: चाळिशीच्या तोंडावर व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जावं का?

नमस्कार मंडळी. वय ३९, राहणार नाशिक. विम्याचे क्लेम तपासण्यात १४ वर्षं गेली. बी.कॉम. आहे, बी.एड. नाही. रविवारी घरी दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते. आठवड्यातला तेवढाच दिवस आवडतो.

आधी कोरिया डोक्यात होतं. पण तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सातच देशांच्या पासपोर्टवर मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. म्हणजे आपला पत्ता कट. म्हणून व्हिएतनाम.

गेल्या महिन्यात हनोईच्या एका सेंटरला व्हिडिओवर डेमो दिला. समोर सात-आठ वर्षांची सहा पोरं. शब्दाचा शेवटचा व्यंजन तिकडे गिळला जातो, त्यामुळे नाइस, नाइन, नाइफ, सगळ्याचं 'नाय'! (अगदी घरच्यासारखं वाटलं.) तळहात तोंडापुढे धरून 'स्'ची हवा जाणवून दिली, तेव्हा दोघांना जमलं.

सेंटर म्हणतं, टूरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं नंतर बघू. मला हे पटत नाही. असं कुणी गेलंय का? पुढे काय झालं?

दुसरं, सेल्टाला (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं, पण फी भरपूर. १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा साधा कोर्स) स्वस्त. भारतीय पासपोर्ट असताना सेल्टाने खरंच फरक पडतो का? डिग्रीचं अटेस्टेशन मंत्रालयातून स्वतः करून घेतलं असेल तर किती चकरा पडल्या, तेही सांगा. एजंट नको, एकदा हात पोळलेत.

आईला अजून काही बोललेले नाही.