‘इथे कुणालाही उपचार नाकारत नाहीत’ म्हणजे नेमकं काय हो?

अनु_ओहायो

परवा जर्सीकरांनी ‘फुकट्यांची अमेरिका’ लिहिलं. सार असं: मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) म्हणजे तिकडची लाडकी बहीण, महिन्याला ८० तास काम करा म्हटलं की डाव्यांच्या पोटात दुखतं, आणि तसंही ‘इमर्जन्सीत पैशाअभावी कुणाला परत पाठवत नाहीत, कायदाच आहे’. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले, तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

कायदा आहे, कबूल. १९८६चा, खुद्द रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनच्या सहीचा. पण त्यात हॉस्पिटल बांधील आहे ते तपासायला आणि रुग्ण स्थिर करायला. साखर सहाशेवर गेलेला माणूस आला तर ती उतरवून देतील. उद्यापासूनचं इन्सुलिन त्याचं त्याने बघायचं. आणि बिल माफ, असं त्या कायद्यात कुठेही नाही.

मागच्या जानेवारीत बाबा आले होते. गॅरेजसमोरच्या बर्फावरून घसरले. मी ९११ लावला तर पडल्या पडल्या म्हणतात, “ॲम्ब्युलन्स नको गं, टॅक्सी बघ.” हसले मी तेव्हा. मनगट मोडलं होतं, बाकी ठीक. पुढे दोन महिने पाकिटं येत राहिली. हॉस्पिटलचं एक, डॉक्टरांच्या ग्रुपचं दुसरं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरं, ॲम्ब्युलन्सचं चौथं: सहा मैलांचे १,८४० डॉलर. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध २०२२पासून जो कायदा लागू आहे ना, त्यातून रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स वगळलेली आहे. हेलिकॉप्टर आहे त्यात.

आता खरी गंमत. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांनी कळवलं की पडण्याचं कारण चक्कर, चक्करेचं कारण बीपी, बीपी आधीपासूनचं, सबब दावा नामंजूर. अहो, चक्कर कुठून आली? नर्सने विचारलं, “चक्कर आली का?” बाबा म्हणाले, “थोडीशी, पडल्यावर.” फॉर्मवर तेवढा शब्द उतरला, ‘पडल्यावर’ गळलं. त्या एका शब्दासाठी मी अकरा फोन केले. मला इंग्रजी येतं, घरून काम करते, प्रिंटर आहे. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने काय करायचं?

८० तासांचं दुखणं हेच आहे. आर्कान्सामध्ये २०१८ साली हा प्रयोग होऊन गेलाय. काही महिन्यांत अठरा हजारांवर लोकांचं मेडिकेड गेलं, मग २०१९मध्ये कोर्टाने थांबवलं. सगळे आळशी निघाले म्हणून नाही गेलं. तास सुरुवातीला फक्त वेबसाइटवर भरायचे होते, आणि ती वेबसाइट रात्री नऊला बंद व्हायची. सरकारी संकेतस्थळाला शटर! दिवसभर कोंबडीच्या कारखान्यात उभं राहून घरी आलेल्या बाईने तास कधी भरायचे?

आपल्याकडे रोजगार हमी आली तेव्हा सरकारने म्हटलं, तू काम माग, द्यायचं माझ्यावर. इथलं सरकार म्हणतं, काम तू शोध, केल्याचा पुरावाही तूच आण, नाहीतर डॉक्टर बंद. दोन्हीला ‘कामाच्या बदल्यात’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

जर्सीकर

बाबांचं वाईट वाटलं. पण ते पर्यटक व्हिसावर होते, त्यांचा मेडिकेडशी संबंध काय? आधी डोळ्यांत पाणी आणायचं आणि मग धोरण पुढे सरकवायचं, डाव्यांची जुनी पद्धत.

८० तास म्हणजे आठवड्याला वीससुद्धा नाहीत. अपंगांना सूट. चौदाच्या आतलं मूल असेल तर सूट. शिक्षण चालतं, समाजसेवा चालते. शिवाय नियम यायचाय जानेवारी २०२७मध्ये आणि रडणं २०२५पासून सुरू. आमच्या गल्लीत एक जण आहे. छपरांची कामं करतो, सगळं रोखीत. कागदावर उत्पन्न शून्य, मेडिकेड चालू, दारात नवाकोरा पिकअप. त्याचा विमा मी का भरू? मी १९९९मध्ये दोन बॅगा घेऊन...

आणि ओबामाकेअरच्या विमा हप्त्यांवरची वाढीव सबसिडी संपतेय म्हणून २०२५मध्ये ४३ दिवस सरकार बंद पाडलंत. ती वाढीव सबसिडी २०२१मध्ये आणली कुणी? डेमोक्रॅट्सनी. २०२२मध्ये वाढवून ‘२०२५ अखेरपर्यंत’ ही तारीख घातली कुणी? डेमोक्रॅट्सनीच, रिपब्लिकनांचं एकही मत न घेता. आणि शेवटी सरकार उघडायला कुंपण ओलांडून आलेले आठ सिनेटर कुणाच्या बाजूचे होते, तेही लिहा.

खुंटा

दोन बॅगा आल्या! आता खिशातले वीस डॉलर येऊ द्या.

जर्सीकर, तुम्ही औषध कंपनीत आहात असं मागे तुम्हीच लिहिलं होतं, म्हणून विचारतो. कंपनी तुमच्या विम्यात जे घालते त्यावर कर भरता का? नाही ना. कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता २०२४मध्ये वर्षाला साडेपंचवीस हजार डॉलरच्या वर होता. त्यातला मोठा वाटा कंपनीचा, आणि तो करमुक्त. ही रेवडी १९५४पासून कायद्यात पक्की आहे. मूळ त्याच्याही मागे. १९४२मध्ये युद्ध म्हणून पगारवाढीवर बंधन आलं, तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला विमे वाटले. त्या जुगाडावर अख्ख्या देशाचं आरोग्य टांगलंय. छप्परवाल्याचा पिकअप तुम्हाला दिसतो, आपल्या ताटातलं तूप दिसत नाही.

इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं. पुढे किमतीचं काय झालं ते तुमच्या ऑफिसात विचारा.

अनुताई, तुमच्यावरही राग आहे. तुम्ही ज्या ओबामाकेअरची, म्हणजे ओबामांच्या विमा कायद्याची, बाजू लावून धरता तो सांगाडा रॉम्नीने २००६मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये उभा केलेला. रिपब्लिकन गव्हर्नरचा. सरकारी विम्याचा पर्याय निदान चर्चेत होता, तर सिनेटर लिबरमनच्या एका मतासाठी तो काढून टाकला. सबसिडी शेवटी जाते कुणाच्या खात्यात? विमा कंपनीच्या. आणि त्यासाठी ४३ दिवस लढलो आपण!

अनु_ओहायो

@जर्सीकर काका, बाबांची गोष्ट ‘कुणाला परत पाठवत नाहीत’ या तुमच्या वाक्याला उत्तर होती. सूट आहे हे मलाही माहीत आहे. पण ‘मला सूट लागू आहे’ हेसुद्धा कागदानेच सिद्ध करायचं असतं, एवढं साधं तुम्हाला का दिसू नये?

तारखेचं मात्र मान्य. आपल्याच कायद्यात मुदत घालायची आणि मुदत संपल्यावर छाती पिटायची, यात शहाणपण नव्हतं. झालं समाधान?

@खुंटा, हो हो, तुमची क्रांती होईपर्यंत लोकांनी आजारी पडू नये.

जर्सीकर

काका म्हणू नका. त्रेपन्न वर्षांचा आहे.

रिकामटेकडा

तुमचं चालू द्या, एक व्यवहारी गोष्ट सांगतो. दातांचं इथे कुणीच बघत नाही. मेडिकेअरमध्येसुद्धा (म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) नेहमीचे दात १९६५पासून बाहेरच आहेत. माझा दातांचा विमा वर्षाला दीड हजारावर हात वर करतो, एका रूट कॅनॉल आणि कॅपमध्ये खलास. म्हणून मी दर दोन वर्षांनी पुण्यात दात करून घेतो. मागच्या डिसेंबरात दहा दिवसांत तीन रूट कॅनॉल, तीन कॅप, वर आईच्या हातचं जेवण. तिकीट धरूनही स्वस्त. राजकारण गेलं उडत.

मोगरा_डॅलस

+१. आमच्या ग्रुपवर पुण्यातल्या डेंटिस्टांची एक्सेल शीट आहे. रेटिंगसकट.

दाढदुखी_कोथरूड

एक्सेल शीट? वा! गेली तीन वर्षं इथे नुसती वाचते, आज राहवेना.

मी त्या शीटवर असेन कदाचित. तुम्ही मंडळी डिसेंबरात उतरता. मंगळवारी फोन, “मॅडम, पुढच्या सोमवारी फ्लाइट आहे, तीन कॅप आणि एक इम्प्लांट बसवायचंय.” इम्प्लांट हाडात धरायलाच तीन-चार महिने लागतात. हाडाला तुमचं तिकीट कळत नाही! मग मी लॅबवाल्याच्या हातापाया पडते, तो पोरगा रात्री दोनपर्यंत झिरकोनियाच्या कॅप घासत बसतो. कॅप जराशी उंच लागली तर घासून द्यायला पेशंट असतो कुठे? डॅलसला. तिथून व्हॉट्सॲपवर आ वासून फोटो: “मॅडम, दुखतंय.” फोटोत मला काय दिसणार, पडजीभ?

वर घासाघीस. तिथे दोन हजार डॉलर निमूट देणारा माणूस इथे म्हणतो, “ॲडजस्ट करा की थोडं.”

रिकामटेकडा

मॅडम, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी घासाघीस केली नाही.

दाढदुखी_कोथरूड

तीन रूट कॅनॉल दहा दिवसांत करून घेतलीत ना? डावीकडची दाढ थंड पाण्याला झिणझिणते का?

रिकामटेकडा

...उजवीकडची.

खुंटा

=)) अमेरिकन साम्राज्यवादाचं इतकं नेमकं वर्णन मी गेल्या दहा वर्षांत वाचलं नाही. आपला तुटवडा दुसऱ्याच्या रात्रपाळीवर ढकलायचा.

जर्सीकर

दातातही साम्राज्यवाद! बाकी मॅडम, मला हे पटतंय. तुमचा बाजार खुला आहे, भाव दारावर लिहिलेला असतो, म्हणून गिऱ्हाईक सात समुद्र ओलांडून येतं. अमेरिकेत भाव कळत नाही हाच खरा रोग. तुमचे ते ‘सर्वांना सरकारी विमा’वाले यावर बोलतील का?

बोरगावची_एसटी

सगळं वाचलं. तुमची दुःखं डॉलरात असतात म्हणून ती जागतिक.

खुल्या बाजाराचा किस्सा माझ्याकडून घ्या, जर्सीकर. मागच्या वर्षी चुलत्यांना छातीत दुखायला लागलं म्हणून जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. पहिला प्रश्न, “डिपॉझिट भरलं का?” चाळीस हजार. धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा गरिबांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, हे मला ठाऊक होतं. विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, “त्या खाटा भरल्यात.” यादी दाखवा म्हटलं तर, “साहेब जेवायला गेलेत.” चुलतभावाने गाडीची आरसी बुकं काउंटरवर ठेवली, तेव्हा स्ट्रेचर हललं.

अनुताई, तुमच्या बाबांना आधी उचललं, मग पाकिटं आली. आमच्याकडे पाकीट आधी. मला तुमचा १९८६चा कायदा द्या, बिलाचं मी पुढचं पुढे बघीन. आणि जाता जाता: रोहयोचं फार कौतुक करू नका. हजेरीपटावर नाव चढवायला काय काय करावं लागतं ते आमच्या तालुक्यात येऊन बघा.

अनु_ओहायो

यावर काय बोलू. चुलते बरे आहेत ना आता?

पण एक, रागावू नका. तुमच्याकडे काउंटरवरच्या माणसाने यादी दाखवली नाही, माझ्याकडे पलीकडच्या आवाजाने ‘पडल्यावर’ हा शब्द घातला नाही. दोन्हीकडे आजारापेक्षा काउंटर मोठा. हजेरीपटाचंही तेच सांगताय तुम्ही. माझ्या वाटेने जाऊन माझ्याशीच भांडताय.

बोरगावची_एसटी

बरे आहेत. दोन स्टेंट. भांडत नाही, पण ‘दोन्हीकडे सारखंच’ म्हणू नका. सारखं नाही. तुमच्या बाबांना कुणी आरसी बुक मागितलं नाही.

अनु_ओहायो

नाही मागितलं. घेतला शब्द मागे.

जर्सीकर

म्हणजे शेवटी अमेरिका बरी! हेच मी परवा लिहिलं तर शिव्या खाल्ल्या.

अनु_ओहायो

काका, तुमची नोकरी गेली तर काय? आमच्याकडे २०२३मध्ये नवऱ्याची गेली. एच-१बी, म्हणजे नोकरीवर टिकलेला व्हिसा; नवी नोकरी शोधायला साठ दिवसांचं घड्याळ सुरू. कोब्राचं (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) पत्र आलं: विमा चालू ठेवायचा तर महिन्याला २,२१० डॉलर, पगार शून्य असताना. तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते. व्हिसावर असल्याने मेडिकेडचं दार आपल्याला बंदच असं आम्ही धरून चाललो, म्हणजे तुमच्या मते आम्ही फुकटे नव्हतो. पीएफ मोडून भरले पैसे. एकदा शांतपणे सांगा, हे बरं होतं का?

जर्सीकर

नव्हतं. २००२मध्ये मीही तेच पत्र पाहिलंय. मी नाही भरलं. बायकोला सांगितलं, चार महिने आजारी पडू नकोस. पडली नाही, नशीब.

यावरून मेडिकेडबद्दल माझं मत बदललंय असं समजू नका. तो छप्परवाला फुकट्याच आहे.

खुंटा

“आजारी पडू नकोस.” रिपब्लिकनांची आरोग्य योजना एका वाक्यात आली.

जर्सीकर

तुमच्याशी बोलत नाहीये.

दाढदुखी मॅडम, कोथरूडला नेमक्या कुठे बसता? वरच्या दाढेचं इथे तीन हजार सांगितलंय. मी मार्चमध्ये येतोय, पूर्ण पाच आठवडे.

दाढदुखी_कोथरूड

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक्स-रे आधी पाठवा. इम्प्लांट असेल तर पाच आठवडे पुरणार नाहीत, आत्ताच सांगते. आणि भाव दारावर लिहिलेला नाही.