मदत हवी आहे: पहिला स्वेटर, पुढच्या भागाचा गळा आणि खांदा जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

हसू नका, मुंबईत बसून स्वेटर विणतेय. भाच्यासाठी आहे, तो नाशिकला असतो, चार वर्षांचा. मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये समोर बसणाऱ्या एका काकूंनी टाके घालण्यापासून मुंढ्यापर्यंत (बाही जोडतात तिथला काप) सगळं शिकवलं. जूनमध्ये त्यांची ड्यूटी बदलली, गाडी बदलली आणि मी नेमकी गळ्यापाशी अडकले. नंबर घ्यायचं सुचलंच नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं?

आठ नंबरच्या सुया, १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी. पाठ ७० टाक्यांची. मुंढ्याला दोन्हीकडे ४-४ बंद केले (म्हणजे विणून सुईवरून कायमचे उतरवले), मग दर सुलट ओळीला (स्वेटरची बाहेरची बाजू समोर असते ती) दोन्हीकडे एकेक कमी, असं चारदा. राहिले ५४. खांद्याला नमुन्यात (विणायच्या लेखी सूचनांत) होतं, 'पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद, परत ५-५, मग ४-४'. मधले २६ मानेचे. पाठ झक्क झाली.

पुढच्या भागात मधले १२ टाके सेफ्टी पिनवर ठेवले, दोन्हीकडे २१-२१ राहिले. उजव्या हाताकडचा अर्धा घेतला, गळ्याकडे एकेक करत सात कमी केले, १४ उरले. पुढे नमुना म्हणतो, 'खांदा पाठीप्रमाणे'. मी तसंच केलं. एका ओळीच्या सुरुवातीला ५ बंद, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ५ बंद. सुईवर राहिले ४ आणि खांद्याच्या जागी वारूळ! पाठीच्या खांद्याला हे शिवू कसं? दोनदा उसवलंय, लोकर केसाळ झालीय.

आणि 'दुसरी बाजू विरुद्ध दिशेने करा' म्हणजे काय करायचं? शिवाय नमुना या अर्ध्याला 'डावा' म्हणतो, माझ्या तर तो उजवीकडे आहे.

– गुंतागुंत

---

अर्धीबाही: नमुना कुठला आहे? अमेरिकन असेल तर सुई तपासा. आपल्याकडची ८ नंबर ४ मिमीची, त्यांची ५ मिमीची.

गुंतागुंत: ४ मिमीचीच आहे, माप जुळतंय. गोंधळ फक्त वरचा.

ठाण्याची_मामी: अगं, तुझं विणकाम बरोबर आहे, नमुना लिहिणाऱ्याने आळस केलाय.

टाके बंद करायला धागा हाताशी लागतो आणि धागा ओळीच्या सुरुवातीलाच असतो. म्हणून सगळे नमुने 'सुरुवातीला बंद करा' म्हणतात. पाठीला एका ओळीची सुरुवात एका खांद्यावर, पुढच्या ओळीची दुसऱ्या खांद्यावर. म्हणून दोन ओळी मिळून दोन्ही खांदे एकेक पायरी उतरतात. पण पुढचा भाग तू मधून तोडलास. आता त्या अर्ध्याचं एक टोक मुंढा, दुसरं टोक गळा. लागोपाठ दोन ओळींत बंद केलेस म्हणजे ५ टाके खांद्याचे गेले आणि ५ गळ्याचे.

तेव्हा मुंढ्याकडून सुरू होणाऱ्या ओळीतच बंद कर. ५, मग परतीची ओळ नुसती विणायची, परत ५, परतीची ओळ, मग उरलेले ४. झाले १४.

डावा-उजवा घालणाऱ्याचा धरतात, विणणारीचा नाही. सुलट बाजू समोर धरलीस की तुझ्या उजव्या हाताकडे भाच्याचा डावा खांदा येतो. तिथे सुलट ओळ मुंढ्याकडून सुरू होते, म्हणून खांदा सुलट ओळीत बंद होतो. गळ्याचा टाका त्याच ओळीच्या शेवटी कमी करायचा, शेवटचे दोन एकत्र सुलट विणून.

दुसऱ्या अर्ध्याला गळ्यापाशी नवा धागा जोड. तिथे सुलट ओळ गळ्याकडून सुरू होते. मग टाका ओळीच्या सुरुवातीला कमी होणार: पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घे, दुसरा वीण, पहिला त्याच्यावरून ओढून टाक. खांदा मात्र उलट ओळीत बंद होणार. 'विरुद्ध दिशेने' म्हणजे एवढंच. दोन एकत्र विणले की टाका उजवीकडे झुकतो, ओढून टाकला की डावीकडे, म्हणून गळा दोन्हीकडून सारखा वळतो.

एक ओळ सोडून एक असे सात टाके कमी करायला १४ ओळी लागतील, वर दोन साध्या वीण. सोळा ओळी म्हणजे पाच सेंमीच्या वर. चार वर्षांच्या पोराला पुरे.

अर्धीबाही: मामींच्या पायऱ्या टोचत असतील तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी बंद करताना पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्या. उतार मऊ येतो.

लोकर_लोकर: डोक्याचं बघा हं! मी एकदा सुंदर गळा केला आणि तो पोराच्या कानावर अडकला. तुमच्या गळ्याच्या पट्टीला पाठीचे २६, पिनवरचे १२ आणि कडांवरून, खांद्याच्या ओळी धरून, चार ओळींना तीन टाके या हिशेबाने साधारण १६-१६ उचलाल. झाले ७०, म्हणजे न ताणता ३२ सेंमी. या वयाचं डोकं पन्नासच्या आसपास असतं. एक सुलट एक उलट अशी पट्टी ताणते, पण शेवटचे टाके एक नंबर जाड सुईने सैल बंद करा. धाकधूक असेल तर एक खांदा न शिवता दोन बटणं लावा.

गुंतागुंत: मामी!! आज कांजूरमार्गला गाडी वीस मिनिटं उभी होती, तेवढ्यात डावा खांदा झाला. ५, ५, ४. पाठीवर ठेवून बघितला, टाक्याला टाका बसतोय. दुसऱ्या अर्ध्याला धागा आधी मुंढ्याकडे जोडला होता, शेजारणीने 'अहो, गळा तिकडे आहे' म्हणून थांबवलं. तिला विणकामातलं काही येत नाही, फोनवर मामींचं उत्तर माझ्या खांद्यावरून वाचत होती.

बटणं लावतेच. केसाळ लोकरीचं काय करू?

ठाण्याची_मामी: लड करून कोमट पाण्यात बुडव, दाबून निथळ आणि पंख्याखाली वाळव. या पावसात दोन दिवस लागतील. ती बाहीला वापर, गळ्याला नवी घे.