मदत हवी आहे: पावसाळी हवेत गाडी मिसिंग मारते, दोन नंबर सिलिंडरचा कोड जात नाही

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडी २०१४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, ८२ हजार किलोमीटर झालेली. आप्पांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागतं. पहाटे साडेपाचला निघतो, म्हणजे नेमकी हवा सगळ्यात दमट असते तेव्हा.

त्रास असा आहे. स्टार्ट केल्यावर स्टिअरिंगपासून सीटपर्यंत थरथर, मागे सायलेन्सरजवळ कच्च्या पेट्रोलचा वास. इंजिन तापलं की थरथर कमी होते, पण चढाला चौथ्या गिअरमध्ये एक्सिलेटर दाबला की झटके सुरू. गेल्या मंगळवारी मार्गताम्हाण्याच्या अलीकडे इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. धो धो पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आप्पा मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. दुसऱ्या गिअरवर कशीबशी नेली. उन्हाळ्यात हा त्रास औषधालाही नव्हता.

आतापर्यंत चारही प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. साडेपाच हजार गेले. स्कॅनरवर पी ०३०२ येतो, एकदा सोबत पी ०३०० पण आला. काढलेल्या प्लगांपैकी दोन नंबरचा काळा आणि ओला होता, बाकीचे तीन कोरडे, तपकिरी. आता गॅरेजवाले म्हणतात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांचा सेट बदला, अठरा हजार. पैसे घालायला ना नाही, पण त्याने दुखणं जाईल याची खात्री हवी. पुढची खेप शुक्रवारी आहे.

प्रतिसाद, रत्नागिरी

ताई, सेट आत्ता घेऊ नका. आणि दिवा लुकलुकत असताना गाडी ओढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं आणि तो आतून वितळतो. तो खर्च इंजेक्टरपेक्षा मोठा. शुक्रवारी शक्य असेल तर दुसऱ्या कुणाची गाडी मागा.

हे कोड मिसिंगचे, पी ०३०२ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा; पी ०३०० म्हणजे नेमका सिलिंडर ठरला नाही. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, ठिणगी कमी पडतेय. म्हणून माझा पहिला संशय इंजेक्टरवर नाहीच. इंजिन थंड असताना दोन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) काढून तीनवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, चढावर फिरवून आणा. पी ०३०३ आला तर कॉइल गेली. पी ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. फुकटात होणारी परीक्षा आहे, गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्या.

इंजेक्टर चालतो का तेही घरीच कळतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवा, मुठीला कान लावा. चारही जागी सारखीच टिकटिक आली पाहिजे. पट्टे आणि पंख्यापासून ओढणी, केस सांभाळा.

प्रतिसाद, मालवण

वरच्यांशी सहमत. फक्त कॉइलइतकाच तिचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा पिनांचा खटका, बघा. आमच्याकडे किनाऱ्यावर दर पावसाळ्यात हेच. खारं वारं पिनांवर बसतं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पिना हिरव्या पडतात. कॉइलला १२ व्होल्टचा करंट पुरा मिळाला नाही तर ठिणगीचे हजारो व्होल्ट ती बनवणार कशी? सपाट रस्त्यावर अशी दुबळी ठिणगी चालून जाते. चढाला एक्सिलेटर दाबला की सिलिंडरात हवा दाटते, दाट हवेतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे ती हरते. तुमचे झटके चढालाच का येतात त्याचं कारण हे.

इंजिन चालू ठेवून कपलरजवळची वायरिंग लाकडी काठीने हलकेच हलवा. हात लावू नका. थरथर बदलली तर चोर सापडला. प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल साचलंय का तेही बघून घ्या. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. आणि हो, पावसात उंदीर बॉनेटखाली येतात. वायरीवर दातांच्या खुणा शोधा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. शुक्रवारी शेजाऱ्यांची गाडी मिळाली, आप्पांची खेप चुकली नाही.

शनिवारी कॉइलची अदलाबदल केली. कोड पी ०३०२ च राहिला. टिकटिक चारही ठिकाणी सारखी. मग काठी. दोन नंबरच्या कपलरपाशी वायर जराशी ढकलली आणि इंजिन एकदम शांत झालं, सोडली की परत थरथर! कपलर उघडला तर एक पिन हिरवीगार. तिची वायर कापली तर आवरणाच्या आत तांबंसुद्धा काळं पडलेलं. बोटभर मागे कापल्यावर लालसर, चकचकीत तांबं लागलं. बॅटरीची निगेटिव्ह काढून नवीन कपलर जोडला, सोल्डरचा डाग देऊन वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवली. मजुरीसकट साडेसहाशे रुपये.

काल पहाटे भर पावसात चिपळूण करून आलो. त्याच चढावर चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम नेली. झटका नाही, दिवा नाही. आप्पा म्हणाले, "आज गाडी गप्प आहे."

उरलेले तीन कपलर रविवारी उघडणार आहे. सिलिकॉनचं ग्रीस आणलंय, ते किती लावायचं?

प्रतिसाद, मालवण

छान झालं, ताई. आधी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. ग्रीस कपलरच्या रबराला आणि कॉइलच्या प्लगवर बसणाऱ्या रबराला आतून, बोटाला लागेल इतकंच. पिनांवर गोळा थापू नका. तीनपैकी एखादी हिरवी दिसली तर घासत बसू नका, तोही कपलर लगेच बदला.