बफिंग ब्रशनं फाउंडेशनच्या रेघा पडतात: ब्रश बदलू की हात?

शिकाऊ_राजारामपुरी
नमस्कार. तुळशीचं लग्न झालं की नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी सुरू होतील, त्याआधी बेसवर हात बसवायचाय. सध्या सपाट डोक्याचा एकच दाट बफिंग ब्रश (फाउंडेशन गोल गोल फिरवून बसवायचा) आहे. गालावर रेघा दिसतात, नाकाच्या कडेला थर साचतो आणि कपाळावर कधीकधी खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण सुटतात. फाउंडेशन लिक्विड आहे. महाद्वार रोडला गोल डोक्याचा, तिरका आणि पांढऱ्या टोकांचा असे आणखी तीन प्रकार बघितले. यातले खरंच कुठले लागतात आणि दुकानात पारखायचे कसे?

बेसवाली_मंगळवारपेठ
ताई, तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन आहेत आणि ब्रशचा दोष त्यातल्या एकीतच आहे.

नाकाची कड ब्रशमुळे बिघडते. सपाट डोक्याचा ब्रश अडीच-तीन सेंटीमीटर रुंद असतो, तो नाकपुडीच्या खाचेत शिरतच नाही. खाचेच्या तोंडाशी माल सोडतो आणि तोच साचतो. तिथं साधारण एक सेंटीमीटर डोक्याचा छोटा गोल बफिंग ब्रश घ्या. डोळ्याखालच्या कन्सीलरलाही तोच चालतो. नथ घालायची असेल तर या जागेवर थर अगदी पातळ ठेवा. नथ हलली की जाड थर आधी तिथंच फुटतो.

रेघा हाताच्या आहेत. ब्रश केस आणि दांडा जोडणाऱ्या मेटलच्या पट्टीजवळ धरला की जोर आपोआप वाढतो, केस आडवे पडतात आणि लावलेलं पुन्हा खरवडून निघतं. दांडा शेवटच्या टोकाकडं धरा. अर्ध्या चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं फाउंडेशन पुरतं. ते थेट गालावर ओतू नका; स्टीलच्या छोट्या ताटलीवर घ्या, ब्रशची फक्त टोकं बुडवा आणि आधी ताटलीवरच दोन-तीनदा थोपटून माल केसांत सारखा पसरवा. मग गालाच्या मधोमध सुरुवात करून कानाकडं जात दहा-बारा वेळा नुसतं थोपटायचं. त्यानंतर रुपयाच्या नाण्याएवढे गोल, केस वाकणार नाहीत इतक्या हलक्या हातानं. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, कारण ठिपके सगळीकडं देऊन ठेवले की शेवटचे ठिपके वाळतात आणि वाळलेल्या कडेवर ब्रश फिरला की रेघ ठरलेली. शेवटचा हात वरून खाली, चेहऱ्यावरच्या लवीच्या दिशेनं. उलटा फिरवला तर लव उभी राहते आणि प्रत्येक केसाला फाउंडेशन चिकटून दिसतं.

तपासायला रिंगलाइट उपयोगाचा नाही, समोरचा उजेड सगळं लपवतो. खिडकीचा उजेड बाजूनं पडेल असं उभं करून बघा. संध्याकाळी रंकाळ्यावर फोटो काढायचे असतील तर तिथलं तिरपं ऊन प्रत्येक रेघ दाखवणार.

कपाळावरचे कण खालच्या थरांचे आहेत. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्राइमर हे एकावर एक लगेच लावून वर घासलं की ते गोळा होऊन सुटतात. प्रत्येक थराला चार-पाच मिनिटं द्या. प्राइमर सिलिकॉनचा असेल तर फाउंडेशनही सिलिकॉनचंच ठेवा, वर पाण्याच्या बेसचं घसरतं. कण सुटले की बफिंग ताबडतोब थांबवा. घासाल तितके वाढतात. तेवढाच भाग पुसून पुन्हा थोपटून लावायचा.

कळंब्याची_आर्टिस्ट
वरचं सगळं बरोबर. पारखायचं मी सांगते. लिक्विड आणि क्रीमला सिंथेटिक केसच घ्या. बकरीच्या केसांचा ब्रश पावडरीला सुरेख, पण फाउंडेशन पितो आणि धुवायलाही जड जातो. ब्रश हाताच्या पाठीवर उभा दाबा. केस फाकून मधे कातडी दिसली तर तो विरळ आहे, बफिंगला नको. सोडल्यावर केस लगेच सरळ झाले पाहिजेत. टोकांवरून बोट फिरवा, टोचलं तर ठेवून द्या. मेटलची पट्टी धरून दांडा हलकेच पिळा, खुट्ट हलली तर गोंद कच्चा. नवा ब्रश एकदा धुऊनच वापरायला काढा, सुटे केस चेहऱ्यावर पडण्याऐवजी बेसिनमध्ये पडतात.

तिन्ही प्रकार घ्यायची गरज नाही. सपाट तुमच्याकडं आहे, छोटा गोल घ्या. मोठ्या गोल डोक्याचा पावडर फाउंडेशनला बरा, पण तुमचं काम लिक्विडचं. तिरका क्रीम कंटूर करत असाल तरच. पांढऱ्या टोकांचा मात्र मी घ्यायला सांगेन. त्याचे लांब केस विरळ असतात म्हणून तो कमी माल सोडतो. हळदीच्या कार्यक्रमाचा हलका बेस आणि क्रीम ब्लश त्यानंच छान बसतो. पण थोपटायचाच, गोल घासलात तर तोच सगळ्यात जास्त रेघा पाडतो.

शिकाऊ_राजारामपुरी
खूप आभार. आणखी दोन शंका. पावसाळ्यात दाट ब्रशला कुबट वास येतो. आणि हळद लागलेल्या चेहऱ्यावर वापरून पांढरी टोकं पिवळी झाली, साबण लावला तर लालसर दिसायला लागली, तर काय करायचं?

बेसवाली_मंगळवारपेठ
वास आतल्या ओलीचा. धुताना केस खाली, कोमट पाणी, बेबी शाम्पू तळहातावर घेऊन गोल गोल, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पट्टीत पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि ओलही तिथंच राहते. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका. ग्लासात केस वर करून उभा ठेवू नका. टेबलाच्या काठावर आडवा, डोकं बाहेर, वर पंखा. जुलै-ऑगस्टात दाट ब्रश दोन दिवसांशिवाय आतून सुकत नाही. नवरी, करवली, आई असे तीन चेहरे एका दिवशी असतील तर तीन ब्रश लागतातच. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टोकांवर फवारून चालतं, पण आधी फाउंडेशन पुसून काढा. मालाच्या थराखाली ते पोचत नाही.

कळंब्याची_आर्टिस्ट
हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि क्षार लागला की लाल होतो. हळदीला चुना लावला की कुंकू होतं ना, तेच. म्हणून आधी दोन थेंब खोबरेल टोकांना चोळा, टिश्यूवर पुसा, मग शाम्पू. कपड्याचा साबण नको. राहिलेला पिवळा डाग उन्हात फिका पडतो. अर्धा तास ठेवा, पट्टीवर फडकं गुंडाळून. नवरीच्या चेहऱ्यालाही हाच नियम: कापसावर थोडं तेल किंवा क्लिन्झिंग बाम घेऊन हळद काढा, मग सौम्य फेसवॉश, तेलकटपणा पूर्ण गेल्यावरच प्राइमर. आणि शेड मानेवर लावून ठरवा, गालावर हळद असेपर्यंत गाल खोटा रंग दाखवतो.