मदत हवी आहे: न्हाणीघरातील एक्झॉस्ट फॅन आणि दिव्यासाठी स्मार्ट स्विच

नमस्कार. आमच्या पुण्यातील जुन्या सदनिकेत न्हाणीघराला खिडकी नावापुरतीच असल्यामुळे पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरते, आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन निदान 20 मिनिटे चालू राहायला हवा, हे घरात कोणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून दिवा बंद केल्यावरही फॅन ठरावीक वेळ चालून आपोआप बंद होईल, अशी सोय स्मार्ट स्विचने करावी असा विचार आहे.

अडचण न्यूट्रलची (वीज परत नेणाऱ्या तारेची) आहे; स्मार्ट स्विचला स्वतः चालू राहण्यासाठी सहसा तो लागतो. दाराबाहेरच्या बोर्डात दिवा आणि फॅन यांच्या स्विचपर्यंत केवळ फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारा आल्या आहेत. त्याच बोर्डात गिझरचा न्यूट्रल आहे, परंतु त्याचे सर्किट वेगळे आहे. आमचे वायरमन म्हणतात की तोच न्यूट्रल जोडून टाकू. मला मात्र हे पटत नाही, कारण दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केल्यास आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) विनाकारण ट्रिप होऊ शकतो आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याला धोका संभवतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट मॉड्यूल (स्विचमागे बसवायचे छोटे उपकरण) बसवले, तर बंद अवस्थेतही दिव्यातून किंचित प्रवाह वाहतो आणि 9 वॅटचा एलईडी मिणमिणतो, असे वाचले आहे. दिव्याला समांतर कपॅसिटर (हा किंचित प्रवाह स्वतःतून वळवणारा छोटा घटक) लावल्याने हे खरोखर थांबते का? की फॅनच्या जोडणीपासून नवीन न्यूट्रल ओढणेच बरे?

सासूबाईंना मोबाइल हाताळणे जमत नाही, त्यामुळे भिंतीवरची सध्याची बटणे तशीच चालू राहणे आवश्यक आहे. ज्यांनी प्रत्यक्ष असे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.