मदत हवी आहे: आईला चालतील अशा जपानी खाऊवाल्या नूडल्स
मी सध्या नागोयाला आहे, इथे ओयात्सु कंपनीचा बेबी स्टार म्हणून खाऊ मिळतो, १९५९ पासूनचा, चुरलेल्या नूडल्स कोरड्याच कुरुमकुरुम खायच्या, लहानपणी आपण मॅगी कच्चीच मसाला भुरभुरून खायचो ना अगदी तसंच! त्यांचाच बुतामेन नावाचा इवलासा कप आहे, गरम पाणी ओतून खायचा, मला जाम आवडला पण तो तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्याच्या चवीचा. आता पुढच्या महिन्यात आई येतेय, पक्की शाकाहारी, आणि तिला हे सगळं चाखून बघायचंय. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या यादीत पोर्क, चिकन असेल तर बहुतेक वेळा कळतं, पण कात्सुओ मासा (जपानी रश्श्यात सर्रास वापरतात तो) त्या यादीत धरतच नाहीत, मग त्याचा अर्क आहे की नाही ते कसं ओळखायचं? कुणी बिनमांसाचा असा प्रकार खाल्लाय का, प्लीज नाव सांगा, तिला फसवून काही खायला घालायचं नाहीये मला.