२०२७ चा साप्ताहिक प्लॅनर स्क्रायबसमध्ये: ठिपके पानाबाहेर, अक्षरं ठिपक्यांच्या वर

कोरा_कागद

बुलेट जर्नलच्या (कामं आणि नोंदी छोट्या खुणांनी लिहायची पद्धत) धर्तीवर २०२७ चा साप्ताहिक प्लॅनर स्क्रायबस १.६ या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतेय. ए५ आकार, समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा, मागे ५ मिमीची ठिपक्यांची जाळी. शिवणीकडे १८ मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी समास, म्हणजे जाळीला १२० × १९० मिमी जागा. हिशेबाने २५ × ३९ ठिपके बसायला हवेत. अडचणी अशा:

१. मल्टिपल डुप्लिकेटने (एका वस्तूच्या अनेक प्रती मांडणारी आज्ञा) ठिपके मांडले (व्यास ०.४ मिमी, अंतर ५ मिमी), तर जाळी उजवीकडे जवळपास सेंटिमीटरभर आणि खाली दीड सेंटिमीटर बाहेर जाते.
२. बेसलाइन ग्रिड (मजकुराच्या ओळी जिच्यावर बसतात ती न छापली जाणारी जाळी) १४ पॉइंट ठेवली आहे. वरची अक्षरं ठिपक्यांच्या रांगेवर बसतात, पानाच्या तळाशी मात्र दोन-अडीच मिमी वर राहतात.
३. ठिपके ४० टक्के काळ्याचे आहेत. लेझर प्रिंटवर काही गोल, काही अर्धे, काही जवळपास गायब.
४. पुण्यातच शंभरेक प्रती छापायच्या आहेत. बांधणी कोणती सांगू?

---

समास_सोडून

पहिल्या दोन्ही भानगडी आकड्यांच्या आहेत, सॉफ्टवेअरचा दोष नाही.

स्क्रायबसच्या मल्टिपल डुप्लिकेटमधल्या 'बाय रोज अँड कॉलम्स'मध्ये जे अंतर भरता ते दोन ठिपक्यांच्या मधली मोकळी जागा असते, केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर नव्हे. तुमचा ठिपका ०.४ चा, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर ५.४ झालं. आडव्या २४ घरांत ९.६ मिमी आणि उभ्या ३८ घरांत १५.२ मिमी जास्त. तुम्ही सांगताय तेवढंच. (इनडिझाइन या दुसऱ्या पानमांडणी सॉफ्टवेअरच्या 'स्टेप अँड रिपीट'मध्ये उलट आहे, तिथे सरळ ५ भरायचे. एकातली कृती दुसऱ्यात वापरली की हमखास हे होतं.)

असं करा. मास्टर पेजवर (पानांचा समान साचा) ०.२५ मिमीचं वर्तुळ काढा, रेषेचा रंग 'नन', फक्त भराव. ३९ ओळी, २५ स्तंभ, दोन्हीकडे मोकळी जागा ४.७५. मग सगळ्यांचा ग्रुप करा आणि गुणधर्मांच्या खिडकीत रुंदी-उंची बघा: १२०.२५ × १९०.२५ आली पाहिजे. वेगळा आकडा दिसला तर पुढे जाऊ नका. डाव्या पानाच्या मास्टरवर ग्रुपचा एक्स ९.८७५, उजव्या पानाच्या मास्टरवर १७.८७५, वाय दोन्हीकडे ९.८७५. मग ग्रुप लॉक करून टाका, नाहीतर चुकून माउस लागला की जाळी सरकते आणि ते छापून आल्यावरच कळतं. डावं-उजवं अशी दोन मास्टर पेजेस हवीतच, कारण शिवण बाजू बदलते.

बेसलाइनचं: ५ मिमी म्हणजे १४.१७ पॉइंट. तुम्ही १४ घेतले. दर ओळीला ०.१७ पॉइंटची तूट, ३८ ओळींनंतर साडेसहा पॉइंट, म्हणजे सुमारे २.३ मिमी. १४.१७ भरा, उरलेली चूक डोळ्याला दिसत नाही.

शिवाय बेसलाइनची सुरुवात १० मिमीवर न ठेवता ९ वर ठेवा. नाहीतर 'गुरुवार'चा उकार नेमका खालच्या ठिपक्यांत अडकतो. रोमन अक्षरांना हे फारसं जाणवत नाही, आपल्याला जाणवतं.

---

चार_रंगी

ठिपक्यांचा मुद्दा घेतो. लेझर प्रिंटरकडे राखाडी शाई नसते. ४० टक्के काळा दाखवायला तो काळ्या बिंदूंची बारीक जाळी टाकतो, आणि त्या जाळीचं एक घर साधारण पाव मिमीचं असतं. ०.४ मिमीच्या ठिपक्यात अशी जेमतेम दीड-दोन घरं मावतात. ठिपका घरांवर कसा पडला त्यावर तो गोल दिसणार की अर्धा, हे ठरतं. ऑफसेट छपाईलाही तेच, फक्त जाळी थोडी बारीक.

म्हणून ठिपका फिकट करायचा असेल तर रंग कमी करू नका, आकार कमी करा. १०० टक्के काळा आणि ०.२५ मिमी, ६०० डीपीआयवर हे जवळपास सहा पिक्सेल होतात आणि ठिपका स्वच्छ उमटतो. तरी काळं वाटलं तर ०.२ पर्यंत जा, त्याखाली नको (तेव्हा मोकळी जागाही ४.८ करा, नाहीतर पहिली अडचण परत उभी). खरा राखाडी हवाच असेल तर ऑफसेटला राखाडी शाईची वेगळी प्लेट लावावी लागते. त्याचा खर्च वेगळा.

चौकटीच्या रेषा ठिपक्यांच्या रांगेवरूनच जातील. पाव-अर्ध्या पॉइंटची रेषा घेतलीत तर ठिपके तिच्यातून फुगून मण्यांची माळ दिसते. ०.७५ पॉइंट घ्या, ठिपके रेषेत लपतात.

आणि घरी नमुना काढताना 'फिट टू पेज' बंद, प्रमाण १०० टक्के. नाहीतर ५ मिमीचे ४.८५ होतात आणि तुम्ही फाइलमध्ये चूक शोधत बसता. पट्टी लावून २० घरं मोजा, बरोबर १० सेंमी भरली पाहिजेत.

---

जुजबंदी

बांधणी सांगण्याआधी पानांचा हिशेब. १ जानेवारी २०२७ शुक्रवारी येतो, ३१ डिसेंबरही शुक्रवारीच. सोमवारपासून आठवडा धरला तर २८ डिसेंबर २०२६ ते २ जानेवारी २०२८ असे ५३ आठवडे लागतात. ५२ धरून पानं लावली की डिसेंबरचा शेवट उघडा पडतो. ५३ आठवड्यांची १०६ पानं. आठवडा डाव्या पानावर सुरू व्हायला हवा, म्हणून पान १ नावाचं, २ ते १०७ आठवडे, आणि शेवटची ५ पानं खुणांची यादी व नोंदींना. एकूण ११२, म्हणजे १६ पानी सात फर्मे (एकत्र दुमडलेले पानांचे गठ्ठे). एकही पान वाया नाही.

११२ पानांना सेंटर पिन (मधल्या घडीवर तारेच्या पिना) मारू नका. ८० जीएसएमचे (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे) २८ कागद एकात एक दुमडले की मधली पानं अडीच-तीन मिमी बाहेर येतात, आणि कटिंगमध्ये तेवढा बाहेरचा समास जातो. मधल्या आठवड्यांत १० चे ७ मिमी उरतात. परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून केलेली बांधणी) दिसतं छान, पण वही सपाट उघडी राहत नाही, आणि रोज लिहायच्या वहीत ते चालणार नाही. फर्मे शिवून बांधणी करा, नाहीतर वायरो (तारेच्या कड्यांची बांधणी). १८ मिमी समास दोन्हीला पुरतो.

कागद ८० ते १०० जीएसएम नॅचरल शेड मॅप्लिथो (बिनचकाकीचा छपाईचा कागद). ७० वर मागच्या पानाचे ठिपके पुढे दिसतात, आणि दोन्ही बाजूंची छपाई मिमीभर जरी सरकली तरी ठिपके दुप्पट झाल्यासारखं वाटतं. अप्पा बळवंत चौकात नमुन्याचे ताव घेऊन आधी आपल्या शाईपेनाने लिहून बघा. कागदाचं नाव तेच असलं तरी शाई फुटणं मिलगणिक बदलतं.

---

कोरा_कागद

अंतर, बेसलाइन दोन्ही सुटलं, जाळी १२०.२५ × १९०.२५ आली. आता दोन प्रश्न. दिवसांच्या चौकटी कशा पाडू? आणि ३७१ तारखा हाताने टाकायच्या का?

---

समास_सोडून

३८ घरांतली वरची २ शीर्षकाला, उरली ३६, म्हणजे ९ घरांच्या चार चौकटी. रेषा वायच्या २०, ६५, ११०, १५५ आणि २०० मिमीवर. डावीकडे सोम ते गुरू, उजवीकडे शुक्र, शनि, रवि आणि चौथी चौकट रिकामी. ती रिकामीच ठेवा. पाणी किती प्यायलं, झोप किती झाली असले तक्ते आधीच छापून ठेवले की तो बुलेट जर्नल राहत नाही, सरकारी नोंदवही होते. बुलेट जर्नलचा जनक रायडर कॅरोल याच्या मूळ पद्धतीत छापील साचा नाहीच.

तारखा हाताने अजिबात नको. एक्सेलमध्ये ५३ ओळी करा, दर ओळीत सात तारखा आणि महिना, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाइल) काढा आणि 'स्क्रायबस जनरेटर' स्क्रिप्टने साच्यात ओता. कोणी इनडिझाइनच्या डेटा मर्जने (यादीतून साचा भरायची सोय) करत असेल तर फाइल यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा येतो. तिथे परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर'ही लावावा लागतो, तो नसेल तर 'शनि'ची वेलांटी नच्या उजवीकडे जाऊन बसते. स्क्रायबस १.६ मध्ये हा त्रास नाही, १.४ मध्ये जोडाक्षरं मोडतात.

---

चार_रंगी

फॉन्टबद्दल थोडं. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' घ्या, पण त्यात ठळक वजन नाही. वारांची नावं ठळक हवीत तर 'मुक्ता', त्यात सात वजनं आहेत. काम, झालं, पुढे ढकललं, कार्यक्रम या खुणांतला कार्यक्रमाचा पोकळ गोल देवनागरी फॉन्टमध्ये बहुधा नसतो आणि त्या जागी चौकोन छापला जातो. तो आकार म्हणून काढा, टाइप करू नका.

---

जुजबंदी

एक विचार करून ठेवा. मराठीत लिहिणार असाल तर ५ मिमीत वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांच्या अंगावर येतात. ६ मिमी जास्त सोयीचं: १२० मिमीत २० घरं, वर-खाली समास ९ केलात तर १९२ मिमीत ३२ घरं. शीर्षकाला ४, उरलेल्या २८ मध्ये सात-सात घरांच्या चार चौकटी. शिवाय ६ मिमी म्हणजे १७.००८ पॉइंट, तेव्हा बेसलाइनला सरळ १७ भरलेत तरी चालतं. ठिपका ०.२५ चाच ठेवलात तर मोकळी जागा ५.७५, आणि ग्रुपचा वाय ८.८७५.